चौदाव्या रकान्यातली सही

मलपे,
ता. २९ जुलै १९९७

श्री. शीना मेस्त्री यांस,
सेवरीन डि'साचा नमस्कार.

तुम्ही, तुमची मुलगी, जावई आणि नात सगळी सुखरूप असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांना विचारतं कोण? इथे नऊ दिवस ऊन नाही. धक्क्यावर बोटी एकीला एक बांधून ठेवल्या आहेत, पंधरा-पंधराच्या रांगा, मधल्या बोटीला ना पुढे जाता येतं ना मागे. रोज संध्याकाळी मी छत्री घेऊन तिथपर्यंत जाते आणि परत येते. निवृत्त बाईला दुसरं काम काय!

हो, मी मार्चमध्ये निवृत्त झाले. शाळेतल्या माझ्या खुर्चीवर आता सिस्टर जसिंता बसतात. वय वर्षं तीस. मला पाहिलं की म्हणतात, "टीचर, तुम्ही आता आराम करा हं." म्हाताऱ्या कुत्रीला म्हणतात तसं. शिवणाचा वर्ग सोडून एकही मुलगी डिझेल इंजिनाच्या वर्गाला येणार नाही, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या आधीच्या सिस्टर म्हणाल्या होत्या. सात मुली आणून दाखवल्या मी. तुम्ही शिकवायला होता तेव्हा.

तुमच्या जावयाकडे फोन आहे हे मला ठाऊक आहे. मी फोन का करत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

काम सुगंधी कुंदरचं आहे. आठवते ना? सगळ्यांत बुटकी, फ्लायव्हील फिरवायला लाकडी खोक्यावर उभी राहायची. पावसाळ्यातल्या या मासेमारीच्या बंदीत तिने दामोदर सालियानच्या 'मत्स्यज्योती' बोटीचं इंजिन उघडून पुन्हा जुळवलं. एकटीने. क्रँक, बेअरिंग, पंप, सगळं. बंदरावर बाईने उघडलेलं हे पहिलं इंजिन. मी पेढे वाटले, हसू नका. गेल्या आठवड्यात धक्क्याला बांधूनच बोट सुरू केली. धूर नाही, गळती नाही, पहिल्या झटक्यात चालू. सालियानने नारळ फोडला.

मग ती माझ्याकडे आली. ओसरीवर उभी राहिली, आत येईना.

"टीचर, तिसऱ्या सिलिंडरच्या खालून काहीतरी येतं."

"काय येतं?"

"ठोका. दबका. कधी आहे वाटतो, कधी नाही वाटत."

"मापं घेतली होतीस?"

"पुस्तकातल्यासारखी. दोनदा."

"मग?"

"मग तेच तर, टीचर. मापं बरोबर आहेत आणि ठोका आहे."

नारळी पौर्णिमेला समुद्रपूजा, दुसऱ्या दिवशी बोटी सुटणार. ज्याने इंजिन उघडलं त्याने पहिल्या फेरीला बोटीवर बसायचं, हा इथल्या बंदराचा नियम मला मान्य आहे. जी स्वयंपाक करते तिने आधी चाखावं, यात गैर काही नाही. तुम्ही स्वतः किती पहिल्या फेऱ्या केल्या, तुम्हालाच माहीत. पण बाईने इंजिन उघडलं तर बाई बोटीवर चालत नाही, म्हणून तिच्या घरचा पुरुष बसवायचा, ही अक्कल कोणाची? सुगंधीच्या घरी पुरुष एकच, भाऊ उमानाथ. उडुपीच्या हॉटेलात डोसे घालतो. त्याला पोहता येत नाही. होडीतून नदी ओलांडतानाही तो डोळे मिटून बसतो. मी त्याला म्हटलं, नाही म्हण. तर म्हणाला, "माझ्या बहिणीने उघडलेलं इंजिन आहे, टीचर. मी नाही बसलो तर उद्या तिला कोण काम देईल?" बरोबर आहे त्याचं. बरोबर असलेल्या माणसांचा मला अलीकडे फार राग येतो.

इथल्या दुसऱ्या मेस्त्रींना विचारून झालं. त्यांनी हात लावला तर इंजिन त्यांनी उघडल्यासारखं होतं, म्हणजे पहिल्या फेरीला त्यांना बसावं लागेल. बाईच्या इंजिनावर कोण बसणार? हसतात आणि विडी पेटवतात.

तेव्हा तुम्ही या. एक दिवस. फक्त ऐका आणि सांगा.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही वेळ यायला तुम्हीही थोडे कारण आहात. इंजिन जुळवायची घटका आली, की मुलींना म्हणायचं, "जा गं, चहा घेऊन ये." दर वेळी! मुलगी किटली घेऊन परत येईपर्यंत इंजिन जुळलेलं आणि तुम्ही हात पुसत उभे. विद्या काय डब्यात घालून झाकून ठेवायची वस्तू आहे? मुलींच्या सर्टिफिकेटावर मी रकाने आखले, एक ते चौदा, प्रत्येक कामापुढे गुरूची सही, ते याचसाठी. तेरापर्यंत तुम्ही सह्या केल्या. चौदावा रकाना, 'इंजिन ऐकून दोष सांगणे', तो सातही मुलींचा कोरा.

असो. जुनं उकरत नाही. सुगंधी स्वतःच तुमच्याकडे आली असती, पण म्हणते, मेस्त्री माझ्याशी एक शब्दही न बोलता गेले, मी कोणत्या तोंडाने जाऊ.

उत्तराची वाट पाहते.

सेवरीन डि'सा

---

मलपे,
ता. ६ ऑगस्ट १९९७

शीना मेस्त्री यांस नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. कुमारी रक्षाचं अक्षर सुरेख आहे, तिला माझी शाबासकी सांगा. तिने चार ओळी लिहिल्यात. त्या मला आता पाठ आहेत. "टीचरना नमस्कार. इकडे सर्व ठीक. आजोबा म्हणतात, बहिऱ्या माणसाला इंजिन ऐकायला बोलावू नये. आजोबा बहिरे आहेत असं टीचरनीच लिहिलं होतं ना?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

कोणी सांगितलं? ऑफिसातल्या त्या वाघळासारख्या कारकुनानेच असणार. आणि कधी? तुमच्या निरोपसमारंभात शाल घेताना तुम्हाला माहीत होतं का? मी तुमच्या हातात नारळ ठेवला, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान हलवलीत, तेव्हा? त्या दिवशी मी भाषण फार चांगलं केलं. लोक रडले. तुम्हाला ऐकू येत नाही हे ठाऊक असल्यामुळे माझी जीभ अगदी मोकळी चालत होती.

बरं, आता लिहितेच.

तुमच्याविषयी मी तो शेरा लिहिला, तो जानेवारीचा दिवस होता. हजेरीची वही घेऊन मी वर्गाच्या शेडकडे आले. सुगंधी किटली हलवत माझ्यासमोरून गेली. मला वाटलं, झालं, पुन्हा चहा! आज या माणसाला रंगेहाथ पकडते. खिडकीतून पाहिलं. इंजिन चालू होतं. तुम्ही लांब पेचकस घेतला होता. त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला लावलं होतंत आणि दांडी दातांत धरली होती. डोळे मिटलेले. आमच्याकडे चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेताना माणसं डोळे मिटतात, तसा तुमचा चेहरा होता. मग टोक उचलून पुढच्या सिलिंडरला, मग पुढच्या. चौथ्यापाशी तुम्ही थांबलात, पाना घेतलात, एक नट अर्धा आटा फिरवलात. मला बाहेर उभं राहूनही कळलं, इंजिनाचा आवाज बदलला. गायीच्या पाठीवरची माशी उडावी तसा.

मी बाई आहे, पण मूर्ख नाही. त्या क्षणी सगळं कळलं. मागून हाक मारली की तुम्ही वळत नव्हता, त्याला मी सात वर्षं उर्मटपणा म्हणत आले. पस्तीस वर्षं इंजिनांनी तुमचे कान खाल्ले होते. तुम्ही दातांनी ऐकत होता, आणि ते कोणी पाहू नये म्हणून मुलींना चहाला पाठवत होता. विद्या झाकत नव्हता तुम्ही. लाज झाकत होता.

नन्सच्या शाळेत अकरा वर्षं मला एकच गोष्ट शिकवली, दुसऱ्याची उणीव दिसली तर आधी आपली नजर खाली कर. मी काय केलं? दार वाजवलं नाही. आत येऊन, "मेस्त्री, हे मुलींना दाखवा, हेच तर शिकवायचं आहे," असं म्हणाले नाही. मी ऑफिसात गेले, खुर्चीवर बसले आणि लिहिलं: 'प्रशिक्षकास ऐकू येत नाही. शिकवण्यास अपात्र.' खाली सही.

कारण सांगते, माफी म्हणून नाही. मार्चमध्ये सरकारी तपासणी होती. एक तरी मुलगी चौदा रकाने पुरे करून उत्तीर्ण झालेली दाखवली नाही, तर वर्गाची मान्यता जाणार होती. मी तुमच्याकडे तीनदा आले. तुम्ही तीनदा म्हणालात, "हिचा हात तयार आहे, टीचर. कान नाही तयार. अजून एक बंदी जाऊ दे." मला वाटलं, मुलगी आहे म्हणून तुम्ही अडवताय. असं वाटणं सोयीचं होतं. म्हणून वाटलं.

तुम्ही गेलात. नवा माणूस मिळाला नाही. मार्च मात्र वेळेवर आला.

आता इथलं. उमानाथने हॉटेलातून रजा घेतली आहे. त्याची आई मला रस्त्यात भेटली, म्हणाली, "बाई, पोराला बोटीवर उलटी होऊ नये म्हणून कोणती गोळी असते?" मी गोळीचं नाव सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

मी सुगंधीला दातांनी ऐकायची तऱ्हा दाखवली. आधी मी स्वतः करून पाहिली. या गुडघ्यांनी बोटीवर चढता येत नाही, म्हणून धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या इंजिनावर. तिथला माणूस तोंडावर टॉवेल धरून हसत होता. मला काहीच ऐकू आलं नाही. माझ्या तोंडात कवळी आहे, हे मी विसरलेच होते. सुगंधीचे दात बावीस वर्षांचे. तिने पेचकस धरला आणि तिचे डोळे मोठे झाले. "टीचर, हे तर सगळं आतलं ऐकू येतं!" मग ती सालियानची नजर चुकवून 'मत्स्यज्योती'वर गेली. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर चालतं बाईने चढलेलं, सुटलेल्या बोटीवर नाही. असला यांचा धर्म. तासाभराने परत आली.

"ठोका आहे, टीचर. आता नक्की आहे."

"वाईट आहे का?"

"वाईट कसा असतो, ते मी कधी ऐकलेलंच नाही."

तिच्या कानाशेजारी दुसरा जाणता कान हवा होता, 'हा बघ, हा चालेल. हा बघ, हा माणसं मारील,' असं सांगणारा. तो मी घालवला.

तुम्ही मला माफ करू नका. फक्त या. बस नको असेल तर मी टॅक्सी पाठवते. तोंड माझ्याकडे करू नका हवं तर.

सेवरीन डि'सा

---

मलपे,
ता. १४ ऑगस्ट १९९७

शीना मेस्त्री,

आठ दिवस झाले, कार्ड नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं.

मागच्या पत्रात मी सगळं कबूल केल्यासारखं लिहिलं. वाचणाऱ्याला वाटावं, काय ही बाई, किती सरळ! त्यात एक वाक्य मी पायाने बाजूला सरकवलं होतं: 'मार्च मात्र वेळेवर आला.' तुम्ही ओलांडून गेला असाल. मी ओलांडू शकले नाही.

तुम्ही प्रथम कामावर आलात ती सकाळ आठवते? पगाराच्या वहीवर तुम्ही अंगठा पुढे केलात. मी म्हणाले, माझ्या वहीत अंगठा चालणार नाही. तुम्हाला वाचता येत होतं, बोटींवरची नावं वाचून वाचून शिकलेलं. लिहिता येत नव्हतं. मी टेबलापाशी बसवलं, तुमचा तेलकट हात धरला आणि 'शीना कोटियान' गिरवून घेतलं. अकरा दिवस. तुम्ही घामाघूम व्हायचात. म्हणायचात, "टीचर, क्रँक बसवणं सोपं." 'ना'चं शेपूट तुम्ही खाली ओढत नेत होता, मी ते तसंच राहू दिलं. म्हटलं, असू दे, माणसाची खूण आहे.

ते शेपूट मला फार चांगलं काढता येतं.

सुगंधीच्या चौदाव्या रकान्यात तुमची सही आहे. ती मी केली आहे.

हे मी गेल्या आठवड्यात चार ठिकाणी सांगितलं, तुमच्या आधी. आधी फादरना. त्यांनी पापक्षमा दिली, चार प्रार्थना सांगितल्या. क्षमेने बेअरिंग बसत नाही. मग सिस्टर जसिंतांना. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "टीचर, हे बाहेर गेलं तर वर्गाची मान्यता जाईल, सातही मुलींची सर्टिफिकेटं रद्द होतील. त्यांच्याकडे बघून गप्प बसा." सहा मुली कामाला आहेत, दोघी तर गॅरेज चालवतात. मी त्यांच्याकडे बघून अर्धा दिवस गप्प बसलेसुद्धा.

मग सालियानकडे गेले. तो अंगणात जाळ्याला शिशाचे मणी बांधून घेत होता.

"सालियान, सुगंधीच्या सर्टिफिकेटावरची शेवटची सही शीना मेस्त्रींची नाही. माझी आहे. ते इंजिन पुन्हा उघडा."

तो हसला. "टीचर, बसा. चहा घ्या. माझ्या आईलाही शेवटी शेवटी असंच वाटायचं. शेजारणीची कोंबडी मीच चोरली म्हणून रडायची."

"मी शुद्धीवर आहे."

"अहो, मेस्त्रीची सही मी ओळखत नाही? तिच्या सर्टिफिकेटावरचं ते शेपूट मी बघितलंय. माझ्या बापाच्या बोटीपासून त्या माणसाने आमची इंजिनं उघडली. त्याने पोरीला पास केलं म्हणून तर मी तिला हात लावू दिला. नाहीतर बाईला इंजिन देतो का मी?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "पोरगी घाबरली आहे आणि तुम्ही तिला वाचवायला आलात, कळतं मला. मेस्त्री स्वतः येऊन माझ्यासमोर 'नाही' म्हणू दे. त्याच क्षणी इंजिन खाली उतरवतो. पौर्णिमा गेली तर गेली."

ऐकलंत? चाळीस वर्षं या गावात माझ्या शब्दावर मुलींची लग्नं ठरली, भांडणं मिटली. आणि आता माझा खरा शब्द माझ्या खोट्या सहीपुढे टिकत नाही. इतकी चांगली सही मी केली होती. तुमच्या नावाचं वजन मी नीट जोखलं नव्हतं. मला वाटलं, नुसती शाई आहे.

शेवटी सुगंधीच्या घरी जाऊन तिला सांगितलं. हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं.

ती चिंध्यांच्या गोळ्याने हात पुसत राहिली. हात स्वच्छ झाले तरी पुसत होती.

"म्हणजे मेस्त्रींनी दिली नव्हती सही."

"नाही."

"मग मला येतं की नाही येत, टीचर?"

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत तर मी थांबले असते. एक बंदी काय, दोन बंद्या थांबले असते. मला घाई नव्हती." मग म्हणाली, "घाई तुम्हाला होती."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी तिला गप्प केलं असतं. ते मला येतं.

उमानाथ आत जेवत होता. त्याने सगळं ऐकलं. पेजेचा वाडगा खाली ठेवून म्हणाला, "मी तरी बसणारच. नाही बसलो तर इंजिन खराब आहे असं आम्हीच सांगितल्यासारखं होईल." आई चुलीपाशी होती, तिने पाठ फिरवली. एवढंसं घर, मेस्त्री. चौघं जण होतो आणि कोणालाही बाहेर पडायला वाट नव्हती. ती प्रत्येक वाट मीच कधी ना कधी लिंपून टाकली होती.

आता पत्र टपालात टाकायला वेळ नाही. हे पत्र सुगंधीच्याच हाती देते आहे. उद्या सकाळच्या पहिल्या बसने ती निघेल, कुंदापुरात उतरून होडीने तुमच्याकडे येईल. तिच्या पिशवीत लांब पेचकस आहे. तुमचाच आहे तो, शेडच्या खिळ्यावर राहिला होता. दांडीवर तुमच्या दातांच्या खुणा आहेत. मी इतके दिवस तो माझ्या कपाटात ठेवला होता, मेणबत्त्यांच्या मागे. का ठेवला, ते मला विचारू नका.

तुम्ही आलात तर सालियानसमोर 'ही सही माझी नाही' म्हणावं लागेल. म्हणा. मोठ्याने म्हणा. सिस्टर जसिंतांना काय करायचं ते करू देत. बाकीच्या सहा मुलींनाही मी स्वतः जाऊन सांगेन, दारोदार, गुडघ्यांसकट. त्यातल्या ज्यांना शिकायचं असेल त्यांना तुम्ही पुन्हा शिकवाल का, हे विचारायचा हक्क मला नाही. विचारते आहे.

आणि तुम्ही नाही आलात, तर निदान तिथे तुमच्या बंदरात एखादं इंजिन चालू करा. तिच्या दातांत पेचकस द्या, तुमच्या दातांत दुसरा घ्या, आणि तिला वाईट ठोका कसा असतो तो एकदा ऐकवा. म्हणजे मंगळवारी भाऊ बोटीवर चढण्याआधी तिला स्वतःला तरी कळेल, ती त्याला कशात बसवते आहे.

दार उघडलंत की तिच्या तोंडाकडे बघा. ती हळू बोलेल, मी सांगितलं आहे. आणि मेस्त्री, या वेळी तिला चहाला पाठवू नका.

जिने तुमचा हात धरून तुम्हाला तुमचं नाव लिहायला शिकवलं आणि तेच नाव तुमच्या पाठीमागे चोरलं, ती,

सेवरीन मार्गारेट डि'सा

(ही सही माझी आहे.)